बॅटरीला दोष देण्यापूर्वी

पावसाळाभर पडवीत उभी असलेली गाडी दिवाळीच्या तोंडावर बाहेर काढावी, चावी फिरवावी, आणि आतून नुसते ‘टक्’ एवढेच उत्तर यावे, हा अनुभव या सदराच्या पुष्कळ वाचकांना असेल. यापुढचा कार्यक्रमही ठरलेला असतो. घरातला, शेजारचा आणि रस्त्याने जाणारा असा प्रत्येक माणूस गाडीत डोकावतो आणि गंभीर चेहऱ्याने सांगतो, “बॅटरी गेली!” मोटारीच्या संसारात बॅटरी ही सासुरवाशीण आहे. दूध नासले तरी बोल तिला आणि दिवा विझला तरी बोल तिलाच. ती बिचारी काळ्या डब्यात तोंड मिटून बसलेली. तिची बाजू मांडणार कोण?

गेल्या दिवाळीत ती बाजू मांडण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात बॅटरीची सुटका झालीच. पण एका माणसाचीही झाली. म्हणून ही हकीकत इथे सांगतो.

दापोलीकडे माझे एक जुने स्नेही आहेत. सारे गाव त्यांना तात्या म्हणते, म्हणून मीही तात्याच म्हणेन. त्यांच्याकडे एक उंच तोंडाची पेट्रोल जीप आहे. ज्यांनी जुने हिंदी चित्रपट किंवा जुनी सरकारी कचेरी पाहिली आहे, त्यांना ही जीप ओळखीची वाटेल. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून ६ लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. त्या वंशातलीच ही ‘सीजे-३बी’. विलीजने १९५३ साली आणलेली. इंजिनाच्या आत येणाऱ्या वाऱ्याच्या झडपा डोक्यावर गेल्यामुळे इंजिन उंच झाले आणि त्याबरोबर बॉनेटही उंच करावे लागले. म्हणून तिचा चेहरा असा कपाळ मोठे असलेल्या माणसासारखा. अमेरिकेत १९६८ साली ती बंद झाली. आपल्याकडे मात्र महिंद्रांनी परवान्याने ती पुढेही पुष्कळ वर्षे बनवली, आणि डोंगरातल्या वाड्यांनी ती त्याहूनही अधिक वर्षे जपली.

तात्यांची जीप ही हौसेची गाडी नव्हे. त्यांच्या घरामागच्या चढावर एक वाडी आहे. जांभ्या दगडाचा, पावसात ओढा होणारा रस्ता. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली तर खालच्या डांबरी सडकेपर्यंत येते. तिथपर्यंत रोगी आणायचा तो या जीपने. ती चालवायला वाडीतलाच एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे. घरची जमीन वीतभर, आई आजारी. तेव्हा तात्यांचा पगार हाच त्या घराचा आधार.

आषाढात जीपचा सेल्फ रुसायला लागला. आधी सकाळी एकदा ओढ घेई, मग दोनदा, मग नुसती कण्हे. एका रात्री वाडीतली एक बाळंतीण खाली न्यायची होती. चावी फिरवली तो ‘टक्’! शेवटी चार बाप्यांनी जीप उतारावर ढकलली, गिअरात टाकून सुरू केली आणि बाई वेळेवर पोचली. सारे सुखरूप झाले. पण त्या रात्रीपासून तात्यांच्या मनाने घेतले, की हा पोऱ्या रात्री दिवा चालू ठेवतो, रेडिओ ऐकतो आणि बॅटरी उतरवतो.

श्रावणात नवी बॅटरी आली. आठ दिवस बरे चालले आणि पुन्हा तेच. गणपतीच्या आधी सेल्फ उतरवून तालुक्याच्या गावी नेला. कार्बन ब्रश बदलले, बुश बदलले, वार्निश लावले, बिल झाले. पुन्हा तेच. आता दोन खर्च वाया गेल्यावर उरला एकच, तो म्हणजे तो मुलगा. मी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पोचलो तेव्हा तात्या मला म्हणाले, “दिवाळी होऊ दे. बलिप्रतिपदेला त्याचा हिशेब करून टाकतो. सणात कुणाच्या पोटावर पाय द्यायला नको.”

मुलगा अंगणात उभा होता. त्याने ऐकले असावे. तो काही बोलला नाही.

मी म्हटले, “तात्या, हिशेब जरूर करा, पण आधी मोजा.”

काही शे रुपयांत मिळणारा विजेचा मीटर मी प्रवासात बरोबर ठेवतो. रात्री झोपण्यापूर्वी मी बॅटरीच्या दोन टोकांवर तो लावला: १२.६ व्होल्ट. सकाळी अभ्यंगस्नान आटोपून पुन्हा लावला: १२.६ व्होल्ट. बारा व्होल्टांची बॅटरी पूर्ण भरलेली असली आणि काही तास स्वस्थ राहिली, की ती एवढाच आकडा दाखवते. १२.२ दिसले तर ती सुमारे निम्मी उतरली असे समजावे, आणि १२ च्या खाली गेली तर तिला आधी चार्जिंगला लावावे, मग बाकीच्या गोष्टी. रात्रभरात इथे काहीच गळले नव्हते. म्हणजे दिवा, रेडिओ आणि आरोपी, तिघेही निर्दोष! पण एवढ्याने तात्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते. “मग सेल्फ का फिरत नाही?” हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

इथे एक युक्ती सांगतो. जुन्या जीपला पुढून लोखंडी हॅन्डल मारून सुरू करण्याची सोय असते. तात्यांनी हौसेने हॅन्डल काढले. (हॅन्डल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीत अडकवू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जाते.) दुसऱ्या अर्ध्या फेरीला जीप गुरगुरून सुरू झाली! एवढ्या एका गोष्टीने अर्धे निदान झाले. हाताने सुरू होते, त्या अर्थी पेट्रोल पोचते आहे, प्लगला ठिणगी पडते आहे आणि इंजिन जाम नाही. दोष आहे तो फक्त बॅटरी ते सेल्फ आणि सेल्फ ते परत बॅटरी या वर्तुळात. याच्या उलट, सेल्फ झपाट्याने फिरतो पण इंजिन पेट घेत नाही असे असेल, तर बॅटरीकडे न बघता पेट्रोल आणि ठिणगी यांच्याकडे बघावे.

या वर्तुळात बिघाड कुठे, ते पुष्कळदा कानानेच कळते. चावी फिरवल्यावर ‘टकटकटकटक’ असा ताशा वाजला, तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा तिची टोके सैल; सोलेनॉइड ओढतो, तेवढ्यात दाब पडतो, तो सुटतो, पुन्हा ओढतो. एकच भरदार ‘टक्’ आणि पुढे शांतता, तर सोलेनॉइडचे आतले तोंड जळलेले, किंवा सेल्फ अडकलेला, किंवा वाटेत मोठा अडथळा. अगदीच निःशब्द असेल, तर चावीचा स्वीच, रिले आणि त्यांच्याकडे जाणारी बारीक वायर तपासावी. आणि सेल्फ भिर्रर्र फिरतो पण इंजिन ढिम्म, तर बेंडिक्स चिकटलेला किंवा रिंग गिअरचे दात झिजलेले. तात्यांची जीप कधी ‘टक्’ म्हणे, कधी कण्हत कण्हत फिरे. म्हणजे वाटेत अडथळा असण्याचा संशय अधिक.

पण संशय म्हणजे निकाल नव्हे. बॅटरी गेली हाही संशयच होता, आणि मुलगा दोषी हाही. म्हणून पुढची पायरी: भार असताना मोजणे.

ही पायरी का लागते ते थोडक्यात सांगतो. हेडलाइटचा एक दिवा सुमारे ५ अँपियर प्रवाह घेतो. सेल्फ १०० ते २०० अँपियर घेतो. विजेचा सेल्फ मोटारीत रूढ केला तो अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो प्रथम आला. त्यापूर्वी ते दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवण्याचे काम करीत होते, आणि तिथेच त्यांना कळले होते की क्षणभरच काम करायचे असेल तर लहान मोटरवर मोठा भार टाकता येतो, कारण तापण्यापूर्वी तिला विसावा मिळतो. आपला सेल्फ आजही त्याच तत्त्वावर चालतो. म्हणून तो एका दमात १० सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि दोन खेपांत अर्धा-एक मिनिट थांबावे.

आता एवढा लोंढा ज्या वाटेने जातो ती वाट रुंद हवी. केबलच्या शंभर तारांपैकी एकच तार शाबूत राहिली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवील, तपासणीचा लहान बल्बही लख्ख पेटेल. पण सेल्फ फिरणार नाही. देवळाचे दार फळीभर उघडे असले तर पुजारी आत-बाहेर करू शकतो, जत्रा करू शकत नाही. दार पुरेसे उघडे आहे की नाही, हे जत्रेच्या दिवशीच कळते. तसेच जोड चांगला आहे की नाही, हे सेल्फ मारताना मोजले तरच कळते.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, हॅन्डब्रेक ओढला. कॉइलला येणारी बारीक वायर सोडवून तिच्या टोकावर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. मुलाला चावीवर बसवले आणि तात्यांना वही-पेन्सिल दिली.

पहिले माप: सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टोकांवर. आकडा ११.२. तात्या म्हणाले, “उतरला की!” मी म्हटले, “उतरला, पण फारच थोडा.” चांगली बॅटरीही सेल्फच्या भाराने साडेदहाच्या आसपास येते, साडेनऊच्या खाली गेली तर मात्र तिचा किंवा सेल्फचा विचार करावा. इथे सेल्फ रडत होता आणि बॅटरी आरामात होती. याचा अर्थ तिच्याकडून पुरेसे मागितलेच जात नव्हते. वाटेत कुणीतरी तिला अडवले होते.

दुसरे माप: बॅटरीचे धन टोक आणि सेल्फचा जाड केबलचा नट, या दोहोंच्या मध्ये, सेल्फ मारतानाच. आकडा ०.३. या बाजूला अर्ध्या व्होल्टापर्यंत घट चालते. म्हणजे जाण्याची वाट ठीक.

तिसरे माप: बॅटरीचे ऋण टोक आणि सेल्फचे लोखंडी अंग यांच्या मध्ये. हे माप बहुतेक लोक घेतच नाहीत. वीज बॅटरीतून निघते एवढेच त्यांच्या ध्यानात असते. ती परतही यावी लागते, हे विसरतात. इथे ०.२ किंवा फार तर ०.३ हवे. मीटरने दाखवले ३.४!

तात्यांची पेन्सिल थांबली. बारा व्होल्टांपैकी जवळजवळ साडेतीन व्होल्ट परतीच्या वाटेवर खर्च होत होते, आणि सेल्फच्या वाट्याला साडेसात येत होते. आता फक्त वाटेचे तुकडे पाडायचे. ऋण टोक ते चासी: ०.१. सेल्फचे अंग ते इंजिनाचा ठोकळा: ०.१. चासी ते इंजिन: ३.२. चोर सापडला!

इंजिन चासीवर बसलेले असते ते रबराच्या गाद्यांवर, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. मी जीपखाली आडवा झालो. पट्टी जागेवर होती, दिसायलाही धडधाकट. मात्र तिचे चासीकडचे टोक काळ्याभोर, तुकतुकीत रंगावर बसवलेले होते.

“हा रंग कधी दिला?”

“वैशाखात,” तात्या म्हणाले. “पावसाआधी चासी गंजू नये म्हणून मुद्दाम दोन हात दिले. मी स्वतः उभा राहून देवविले.”

तात्यांनी काळजीने दिलेला रंग पट्टीखालीही गेला होता. रंग हा विजेला बांधच. सुरुवातीला बोल्टाच्या आट्यांतून थोडाफार संबंध राहिला. मग कोकणचा पाऊस आणि खारा वारा आट्यांत शिरला, गंज धरला, आणि आषाढापासून वाट बुजत गेली. नवी बॅटरी आठ दिवस बरी का वाटली? ताज्या बॅटरीने थोडा जोर अधिक लावला, एवढेच. गंज वाढला आणि तोही जोर पुरेना.

एवढ्यात तो मुलगा पहिल्यांदाच बोलला. “काका, एक विचारू? सेल्फ मारला की चोकची तार हाताला गरम लागते. एकदा धूरही आला होता. ते यानेच का?”

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. होय, यानेच! परतीची मोठी वाट बंद झाली की वीज आडवाटा शोधते. चोकची तार, हाताने पेट्रोल वाढवण्याची तार, स्पीडोमीटरची केबल, जी काही धातूची वस्तू इंजिनापासून गाडीच्या अंगाला जोडलेली असेल तिच्यातून घुसते, आणि त्या बारीक तारा तापतात. सेल्फ मारताना चोकची तार तापणे ही इंजिनाच्या अर्थिंगच्या दोषाची जवळजवळ सही आहे. ती खूण या मुलाच्या हाताला तीन महिने कळत होती.

“अरे, मग सांगितले का नाहीस?” तात्यांनी विचारले.

तो खाली बघून म्हणाला, “तुम्ही बॅटरीचे विचारत होतात, तात्या. तारेचे कुणी विचारले नाही.”

खात्री करण्यासाठी एक जंपर केबल बॅटरीच्या ऋण टोकावरून थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडावर लावली आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितले. इंजिन असे गरगर फिरले की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. ही परीक्षा कुणालाही करता येते. फक्त चिमटा पेट्रोलच्या नळीपासून आणि पंख्यापासून दूर लावावा.

दुरुस्तीला पाऊण तास लागला. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवले. सोडताना ऋण आधी आणि जोडताना ऋण शेवटी, म्हणजे पाना चुकून गाडीच्या अंगाला लागला तरी ठिणगी पडत नाही. चार्ज झालेल्या बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून विडी-काडी लांबच. पट्टी काढली, तिची दोन्ही टोके पॉलिश पेपरने लालभडक केली. चासीवरचा रंग रुपयाएवढ्या जागेत खरवडून चकचकीत लोखंड काढले. नवा बोल्ट, दातेरी वॉशर, घट्ट आवळणी, आणि जोड झाल्यावर वरून ग्रीसचा हात. क्रम महत्त्वाचा: आधी धातूला धातू, मग वरून संरक्षण. पट्टी कुजून तुटत आली असती तर नवीच घातली असती. ती नव्या बॅटरीच्या मानाने फारच स्वस्त असते.

पुन्हा मोजले. चासी ते इंजिन: ०.१. आणि सेल्फ मारताना बॅटरीवर १०.४. तात्या चमकले. “आधी ११.२ होते, आता कमी कसे?” मी म्हटले, “आता ती खरे काम करते आहे.” कॉइलची वायर जोडली, चावी फिरवली, आणि जीप पहिल्या फेरीत सुरू झाली.

ज्यांच्याकडे डिझेल जीप आहे त्यांनीही हीच मापे याच क्रमाने घ्यावी. डिझेल इंजिनात दाब अधिक असल्यामुळे सेल्फ जास्त प्रवाह मागतो आणि खराब जोड अधिक लवकर नडतो. बॅटरी खरोखरच रात्रीतून उतरत असेल, तर सारे बंद करून ऋण केबल सोडवावी आणि बॅटरीचे टोक व केबल यांच्यामध्ये मीटर अँपियरवर ठेवून लावावा. जुन्या साध्या जीपला अशा वेळी जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. काही दिसले, तर एकेक फ्यूज काढून बघावा. ज्याने आकडा पडेल त्या वाटेवर गळती. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मात्र चुकूनही मारू नये, नाहीतर मीटरच जळेल.

बलिप्रतिपदेला तात्यांनी हिशेब केला. नव्या बॅटरीचे पैसे, सेल्फच्या दुरुस्तीचे पैसे असे लिहून खाली स्वतःच्या नावाने खर्च टाकला. मग मुलाला बोलावून पगार आणि दिवाळीची पोस्त त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “उद्यापासून गाडीचे काही वेगळे वाटले तर मला विचारायची वाट बघू नकोस. मी बॅटरीचे बोलत असलो तरी तू तारेचे सांग.” तात्यांसारख्या माणसाच्या तोंडून याहून मोठी माफी निघत नाही, हे त्या मुलालाही कळले असावे. भाऊबीजेला आईला घेऊन खालच्या गावी मामाकडे जाण्यासाठी त्याने जीप मागितली, आणि ती मिळाली.

यंत्र बिघडले की आपण आधी भाग बदलतो, मग माणूस बदलतो, आणि मोजायचे राहून जाते. अंदाजाला नेहमी कुणीतरी गुन्हेगार लागतो. मापाला फक्त जागा सापडते. तेव्हा या दिवाळीत आपली गाडी ‘टक्’ म्हणाली, तर बॅटरीवर आणि ड्रायव्हरवर रागावण्याआधी मीटर काढा, आणि गाडी रोज ज्याच्या हाताखाली असते त्याला एकदा विचारा, “बाबा, तुला काय जाणवते?”

सर्व वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा. आपली गाडी पहिल्या फेरीत सुरू होवो!